बारदान वजा करून किती?

हे पत्र तासगाव तालुक्यातल्या एका बहिणीचे आहे. ओळख पटेल असे सगळे काढून, बाकीचे तिच्याच शब्दांत देते.

"माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा. वडिलांच्या नावावरची पिकअप भाड्याने चालवतो. ३८ दिवसांपूर्वी जतकडून डाळिंबाचे क्रेट घेऊन मिरजेला येताना पोलिसांनी गाडी अडवली. क्रेटच्या खाली दोन पोती गांजा निघाला. भाडे ठरवणारा माणूस शेजारीच बसला होता, त्यालाही धरले. एफआयआरमध्ये लिहिलेय, 'हिरवट, ओलसर, उग्र वासाचा, पाने, फुले, बिया व काड्या असलेला गांजा, पोत्यांसह वजन २१ किलो ६०० ग्रॅम.' भाऊ म्हणतो, मला ठाऊक नव्हते. एक वकील म्हणाले, ६ महिने तरी काही होत नाही. गावातला एक जण म्हणतो, २ लाख द्या, आठवड्यात जामीन करून आणतो. वडील द्राक्षबागेचा तुकडा विकायला निघालेत. गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हात उभी आहे, बँकेचे हप्ते चालूच आहेत. भाऊ अधूनमधून गांजा ओढायचा हे घरात फक्त मला माहीत आहे. ते वकिलांना सांगू का? आईला आम्ही सांगितलेय की तो भाडे घेऊन गुजरातला गेलाय. या गुन्ह्यात जामीन मिळतच नाही, हे खरे आहे का?"

ताई,

२ लाखांचा विषय आधी बंद करा, आजच. जामिनाचा हुकूम न्यायाधीश करतात. सरकारी वकिलांचे म्हणणे घेतले जाते, दोन्ही बाजू ऐकल्या जातात, कारणे लिहावी लागतात. या सगळ्याची आठवड्याची हमी बाहेरचा माणूस देऊच शकत नाही. तो पैसे घेऊन गप्प बसेल, नाहीतर तुमच्या वडिलांना लाचेच्या भानगडीत ओढेल. अधिकाऱ्याच्या नावाने पैसे मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे, तिथे सांगा. मी २२ वर्षे सांगलीत विजयनगरच्या कोर्टात वकील म्हणून उभी राहते. एका घराने अशाच मध्यस्थाला दोन म्हशी आणि मंगळसूत्र विकून पैसे दिले होते. पुढे जामिनाचा हुकूम झाला तो साध्या अर्जावर, पण तोवर जामीनदार उभा करायला त्यांच्याकडे काही उरले नव्हते. पोरगा हुकूम हातात असताना आणखी १९ दिवस आत राहिला.

म्हणून बागेचा तुकडा विकू नका. हुकूम झाल्यावर जामीनदार लागेल. त्याच्या नावचा सातबारा, आठ अ आणि तहसील कार्यालयातला ऐपतीचा दाखला कोर्ट मागेल. वडीलच जामीनदार राहू शकतात, पण बाग त्यांच्या नावावर असली तरच.

आता तुमचा मूळ प्रश्न. मिळत नाही असे नाही. पण हा कायदा बाकीच्या गुन्ह्यांसारखा नाही. अमली पदार्थांविरोधातला हा एनडीपीएस कायदा १९८५ चा, आणि त्यातले जामिनाचे कलम ३७ हे १९८९ मध्ये कडक केलेले. एरवी जामीन देणे हा नियम आणि तुरुंग हा अपवाद. व्यावसायिक मात्रेच्या, म्हणजे मोठ्या वजनाच्या, गुन्ह्यात हे उलटे होते. सरकारी वकिलांनी विरोध केला तर न्यायाधीशांना दोन गोष्टी पटाव्या लागतात. आरोपी दोषी नाही असे मानायला सबळ कारण दिसले पाहिजे, आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता नाही, हेही दिसले पाहिजे. खटला उभा राहण्याआधीच इतके दाखवायचे, म्हणून लोक म्हणतात जामीन मिळत नाही. कायदा एवढा कडक का, हे मला विचाराल तर मी त्याच्या विरोधात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी आपल्या कुपवाडमधून मेफेड्रोन या अमली पदार्थाचा केवढा साठा उचलला, ते आपण सगळ्यांनी वाचले. त्या विषाने घरे बसलेली मी पाहिली आहेत. पण साठा करणारा आणि भाडे मारणारा यांना एकाच तागडीत तोलायचे नसेल, तर तोलताना नीट बघावे लागते.

आणि तुमच्या भावाची केस अक्षरशः तागडीवर उभी आहे.

प्रत्येक पदार्थाची मात्रा सरकारने ठरवून दिलेली आहे. मेफेड्रोनची व्यावसायिक मात्रा ५० ग्रॅमच्या वर सुरू होते, गांजाची २० किलोच्या वर. १ किलोच्या आत गांजा असेल तर ती अल्प मात्रा, शिक्षा १ वर्षापर्यंत. मधल्या मात्रेला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. २० किलोच्या वर गेले की किमान १० वर्षे, जास्तीत जास्त २०, आणि दंड १ ते २ लाख. कलम ३७ ची ती दोन कुलुपे फक्त या शेवटच्या गटाला लागतात (अमली पदार्थांच्या व्यापाराला पैसा पुरवणे वगैरे आणखी काही कलमे आहेत, ती तुम्हाला लागू नाहीत). मधल्या मात्रेत जामीन अर्जाचा विचार इतर गंभीर गुन्ह्यांसारखाच होतो.

तुमच्या एफआयआरमध्ये २१ किलो ६०० ग्रॅम आहे. म्हणजे सगळा फरक १ किलो ६०० ग्रॅमचा. आता तुम्ही उतरवून पाठवलेली ओळ पुन्हा वाचा. "पोत्यांसह वजन." सांगलीच्या हळदीच्या सौद्यात बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचे वजन, वजा केल्याशिवाय कुणी हिशेबाची पट्टी करत नाही. शेतकऱ्याच्या पोराला हे शिकवावे लागत नाही. मग १० वर्षांची शिक्षा ज्या वजनावर ठरते तिथे बारदान धरून कसे चालेल? भावाला पहिला प्रश्न हा विचारा: पोती तागाची होती की पांढरी प्लास्टिकची? प्लास्टिकची गोणी शे-दीडशे ग्रॅमची, तिने फार फरक पडत नाही. तागाचे जाड पोते अर्ध्या किलोपासून किलोपर्यंत भरते. दोन तागाची पोती असतील तर केवळ बारदानातच हे १ किलो ६०० ग्रॅम बरेचसे संपते. दुसरा प्रश्न: दोन्ही पोती वेगवेगळी तोलली की एकदम? आतला माल बाहेर काढून तोलला का? काटा कुठला होता, कुठून आणला? त्याला आठवते तसे, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. तुम्ही काही सुचवू नका.

त्याच ओळीत दुसरी गोष्ट आहे, "पाने, फुले, बिया व काड्या". कायद्यात गांजाची व्याख्या आहे. झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळे धरलेले शेंडे म्हणजे गांजा, आणि शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया त्यातून वगळलेल्या आहेत. काडीचा तर उल्लेखही नाही. म्हणून बचावाचे वकील म्हणतात, शेंडे वेगळे करून तोला, मगच मात्रा ठरवा. सरकारी वकील त्याच वाक्यावर बोट ठेवतात, की पाने शेंड्यांसोबतच होती, तेव्हा तीही धरा. मुंबई उच्च न्यायालयाने या मुद्द्यावर जामीन दिल्याची प्रकरणे आहेत, आणि हा मुद्दा खटल्यात बघू म्हणून अर्ज फेटाळल्याचीही आहेत. तुम्हाला खोटी आशा देत नाही. पण ४० किलोच्या केसमध्ये हा मुद्दा मांडणे आणि पोत्यांसह २१ किलो ६०० मध्ये मांडणे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माल ओलसर होता, हेही त्यांनीच लिहिले आहे. जप्तीनंतर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर मालाची यादी होते, नमुने काढले जातात. तिथे पुन्हा वजन नोंदले असेल तर तो कागद सोन्याच्या मोलाचा. वकिलांना तो मिळवायला सांगा आणि एफआयआरच्या शेजारी ठेवून ओळ-ओळ जुळवायला सांगा. मी स्वतः अशा केसमध्ये पट्टी आणि लाल पेन्सिल घेऊन बसते. वजन, वेळ, सीलवरची खूण, नमुन्यांची संख्या, पंचांची नावे, प्रत्येक आकडा दोन्ही कागदांत शोधायचा.

या नमुन्यांच्या प्रक्रियेत चूक झाली की केस आपोआप पडते, असे तुम्हाला कुणी सांगेल. तसे राहिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ च्या निकालांत सांगितले आहे की या प्रक्रियेच्या कलम ५२-अ च्या पालनात उशीर किंवा त्रुटी एवढ्यावरच जामीन किंवा सुटका नाही. त्रुटीमुळे मालाच्याच खरेपणावर शंका येते का, ते दाखवावे लागते. तसेच "राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती घेतली नाही" हा मुद्दा लोक फार उगाळतात. कलम ५० चा तो हक्क अंगझडतीपुरता आहे, गाडीतल्या पोत्यांना तो लागत नाही. त्यावर वेळ घालवू नका.

अटकेची कारणे मात्र विचारा. ती लेखी, त्याला समजणाऱ्या भाषेत आणि कोर्टात हजर करण्याच्या किमान दोन तास आधी हातात दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ ला, महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, स्पष्ट केले आहे. भावाला काय कागद मिळाला, मराठीत होता का, कधी मिळाला?

आता "मला ठाऊक नव्हते" याविषयी. हे नुसते म्हणून चालत नाही. या कायद्यात कलम ३५ आणि ५४ अशी आहेत की माल ताब्यात सापडला की आरोपीला त्याची जाणीव होती असे कोर्ट आधी धरून चालते, आणि ते खोडण्याची जबाबदारी आरोपीवर येते. म्हणून पुरावा जमवा, आणि तो खराच असू द्या. भाडे कुणी, कधी, किती रुपयांना ठरवले? फोनवर की व्हॉट्सअॅपवर? पैसे गुगल पेवर आले असतील तर नेहमीच्या भाड्याइतकेच आहेत की तिप्पट? डाळिंब कुणाच्या बागेतून भरले, क्रेट कुणी रचले, तेव्हा भाऊ कुठे होता? त्या रस्त्यावर त्याचे आधीचे भाडे झाले आहे का? नेहमीचे भाडे, नेहमीचा दर आणि माल भरणारा दुसराच, एवढे कागदावर दिसले तर न्यायाधीशांना विचार करावा लागतो. उलट दर तिप्पट निघाला तर तेही वकिलांना आत्ताच कळू दे. घरातल्या कुणाच्याही फोनमधून काहीही पुसू नका. पंचांना किंवा शेजारी बसलेल्या त्या माणसाच्या घरच्यांना भेटायला जाऊ नका. जामिनाला सगळ्यात लवकर आग लावणारी गोष्ट तीच.

त्या माणसाने पोलिसांना भावाचे नाव घेऊन काही सांगितले असेल, तर त्याने लगेच खचू नका. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व या कायद्याखाली तपास करणाऱ्या इतर यंत्रणांच्या अधिकाऱ्यांनाही लावले.

भाऊ ओढायचा, हे वकिलांना सांगा. लपवू नका. वकिलाला सांगितलेले गुपित राहते, त्याला कायद्याचे संरक्षण आहे. मात्र वकिलाला जे माहीत नाही ते भर सुनावणीत सरकारी बाजूकडून ऐकायला मिळाले, तर अर्ज तिथेच कोलमडतो. फोनमध्ये तशा गप्पा असतील तर "आम्हाला गांजा काय ते माहीत नाही" असे वाक्य अर्जात जाता कामा नये. ओढणे हा वेगळा आणि बराच लहान गुन्हा आहे, गांजासाठी ६ महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओढतो म्हणजे वाहतूकही करतो, असे होत नाही. पण खोटे पकडले गेले की बाकीचे खरेही खोटे वाटायला लागते. आणि ताई, ही गोष्ट तुम्ही एकट्या किती दिवस घेऊन बसला असाल ते मला कळते. तो बाहेर आल्यावर मिरजेच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभागात घेऊन जा. सोबत तुम्हीच जा, कारण तो तुमच्यापाशीच मोकळा होता.

तारखांचे बघू. व्यावसायिक मात्रेत तपासाला १८० दिवस मिळतात. सरकारी वकिलांनी तपासाची प्रगती आणि ठोस कारणे दाखवून अहवाल दिला तर कोर्ट ते वर्षापर्यंत वाढवू शकते. तुमचे वकील ६ महिने म्हणाले ते बहुधा यावरून. मुदतीत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा हक्क होतो, आणि तिथे कलम ३७ आडवे येत नाही. पण हक्क मागावा लागतो. एका प्रकरणात १८० दिवस ३१ जानेवारी २०१९ ला भरले. आरोपीच्या वकिलांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच अर्ज दिला. तपास यंत्रणेने त्याच दिवशी दुपारी आपले कागद दाखल केले. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले, अर्ज आधी आला, हक्क तेव्हाच पक्का झाला. अर्ज त्या संध्याकाळी दिला असता तर तो माणूस आतच राहिला असता. मात्रा मधली आहे असे आपले म्हणणे असेल तर ६० दिवसांचाही दावा करता येतो. तुमचे ३८ झाले. दिवस मोजायचे ते पहिल्या रिमांडच्या तारखेपासून, तो दिवस धरून. कॅलेंडरवर दोन्ही तारखांना खूण करा आणि वकिलांना आठवडाभर आधी आठवण द्या. त्यात त्यांना राग येण्यासारखे काही नाही.

अर्ज आत्ता करायचा की दोषारोपपत्रानंतर? मला विचाराल तर वजनाचा कागद हातात आल्याबरोबर सांगलीच्या विशेष न्यायालयात करा. थांबण्याचा सल्ला ३० किलोला ठीक आहे, तुमच्या आकड्याला नाही. अर्जासोबत भावावर आधीचा एकही गुन्हा नाही हे नमूद करा, वाहन परवाना, बँकेच्या हप्त्यांचा उतारा, कायमचा पत्ता, सगळे जोडा, कारण कलम ३७ ची दुसरी अट तिथूनच भागते. फेटाळला तर आता मुंबई गाठायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि आपला जिल्हा त्याखाली येतो. पूर्वी अशा आयाबाया रात्रीच्या गाडीने मुंबईला जायच्या, तारीख पडली की तशाच परत यायच्या. आता सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येते. आणि समजा दोन्हीकडे नकार आला आणि खटला रेंगाळला, तरी दार कायमचे बंद होत नाही. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गांजाच्याच, व्यावसायिक मात्रेच्या प्रकरणात ७ वर्षांहून जास्त काळ कच्च्या कैदेत असलेल्याला, खटला संपत नाही या कारणावर जामीन दिला.

वकिलांच्या फीचा प्रश्न असेल तर कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा कायद्याने हक्क आहे, त्याचे उत्पन्न कितीही असो. कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, फोन १५१००.

गाडीसाठी वेगळा अर्ज लागतो, आणि तो वडिलांनी मालक म्हणून करायचा. या कायद्यात गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळण्याच्या हमीवर, परत देता येत नाही असे बरीच वर्षे सांगितले जायचे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशी बंदी नसल्याचे स्पष्ट केले. आरसी, विमा, कर्जाचे कागद जोडा. वडिलांना या मालाची कल्पना नव्हती, हेही त्यात सांगावे लागेल. गाडी विकणार नाही, बोलावले की हजर करू, अशा अटी येतील. बँकेला आत्ताच लेखी कळवून ठेवा.

राहिली आई. तिला सांगा, आणि या आठवड्यात सांगा. जामीन अर्जावर म्हणणे देण्यापूर्वी पोलीस पत्ता पडताळायला घरी येऊ शकतात. दार तीच उघडणार आहे. गुजरातला गेलाय म्हणून ती बोलून बसली तर ते तसेच टिपले जाईल, आणि पोरगा घरच्यांना खोटे सांगून फिरतो असा त्याचा अर्थ लावला जाईल. वडिलांना सोबत बसवा, वजनाचे आणि कलमांचे काही सांगू नका, तो कुठे आहे आणि तब्येतीने बरा आहे एवढेच सांगा. मग पुढच्या मुलाकतीला तिला घेऊन जा. आधार कार्ड तिचे तिच्याजवळ असू द्या, आणि पोत्यांचे प्रश्न विचारायचे काम त्या दिवशी ठेवू नका, ते आधीच्या भेटीत उरका.